लाकडाची पारंपरिक घनमापे
लाकडाची पारंपरिक घनमापे : जळाऊ व इमारती लाकडाचे आकारमान ठरविण्यासाठी मेट्रिक पद्धती रूढ होण्यापूर्वी निरनिराळ्या देशांत प्रचारात असलेली आणि काही ठिकाणी अद्यापही टिकून राहिलेली मापे. धान्य मापात ओतले की ते मापाचा आकार घेते. तेल, दूध यांचेही तसेच. लाकडाच्या बाबतीत हे शक्य नसते. ओंडका बुंध्याकडे जाड व शेंड्याकडे निमुळता असतो, त्याला बाक असतो, त्यावर साल असते आणि पुष्कळ तुकडे एकावर एक रचले म्हणजे त्यांच्यामध्ये पोकळी राहते. यामुळे लाकडाच्या व्यवहारात दोन वेगळ्या राशी संभवतात. एक, लाकडाचे स्वतःचे भरीव घनफळ. दुसरी, रचलेल्या ढिगाने व्यापलेल्या जागेचे घनफळ. इमारती लाकडात याखेरीज तिसरी राशी येते, ती म्हणजे ओंडका कापल्यावर त्यातून हाती येणाऱ्या उपयुक्त लाकडाची. पारंपरिक मापांचा इतिहास हा बव्हंशी या तीन राशींमधील तफावत विकणाऱ्याच्या पदरात पडावी की विकत घेणाऱ्याच्या, याचाच इतिहास आहे.

प्राचीन भारतातील मापे : कौटिलीय अर्थशास्त्रात लांबीच्या मापांचा जो अध्याय आहे, त्यात सर्वसाधारण म्हणजे प्राजापत्य हात २४ अंगुलांचा सांगितला असून लाकडाच्या संबंधात दोन वेगळी मापे दिली आहेत. सुताराचा करवतकामाचा किष्कू ४२ अंगुलांचा, तर कुप्यवनातील (लाकूड, वेळू इ. उत्पन्न देणाऱ्या राखीव रानातील) हात ५४ अंगुलांचा. म्हणजे सुताराचे माप नेहमीच्या हाताच्या पावणेदोन पट व रानातील माप सव्वादोन पट होते. या फरकाचे कारण ग्रंथात दिलेले नाही. माल जेथे उत्पन्न होतो तेथे मोठे माप लावून तो घ्यावयाचा आणि जेथे खपतो तेथे लहान मापाने द्यावयाचा, ही रीत धान्याच्या व्यापारातही अनेक देशांत आढळते. रानातील मोठ्या हाताचे कारण तेच असावे, असे मानण्यास जागा आहे.

भारतीय गणितग्रंथांत ‘क्रकचव्यवहार’ (क्रकच म्हणजे करवत) या नावाचे एक स्वतंत्र प्रकरण असते. खात (खणलेले खड्डे), चिती (विटांची व दगडांची रचाई), क्रकच, राशी (धान्याचे ढीग) आणि छाया असा या व्यवहारांचा क्रम आहे. ब्रह्मगुप्त यांच्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात (६२८) लाकडाची जाडी, लांबी व कापांची संख्या यांच्या अंगुलांतील गुणाकाराला प्रथम ४२ ने आणि नंतर लाकडाच्या जातीनुसार ठरलेल्या संख्येने भागण्यास सांगितले आहे. हा भाजक सागासारख्या लाकडास ९६, तर सावरीस २०० आहे. सावर मऊ असल्याने ती कापण्यास श्रम कमी, म्हणून तिचा भाजक मोठा व येणारे ‘कर्म’ लहान. कौटिल्याच्या किष्कूतील ४२ हा अंक येथे पुन्हा भेटतो, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे; कारागिरांची मापे राजवटींच्या मापांपेक्षा दीर्घायुषी असतात, याचे हे एक उदाहरण होय.

भास्कराचार्य यांनी लीलावतीत (सु. ११५०) हाच हिशोब सोपा करून दिला. बुंध्याकडील व शेंड्याकडील जाडीची सरासरी काढावी, तिला लांबीने व कापांच्या संख्येने गुणावे आणि ५७६ ने म्हणजे २४ च्या वर्गाने भागावे, म्हणजे उत्तर हातांत येते. त्यांच्या उदाहरणात बुंध्याची जाडी २० अंगुले, शेंड्याची १६, लांबी १०० आणि काप ४ आहेत. सरासरी जाडी १८. तिचा लांबीशी व कापांशी गुणाकार ७,२००. त्याला ५७६ ने भागता साडेबारा हात येतात. येथे मोजले जाते ते लाकडाचे घनफळ नसून करवतीने उघड्या केलेल्या पृष्ठाचे क्षेत्रफळ होय, कारण करवत्यांची मजुरी त्यावर अवलंबून असते. अशा कामांचे मोल कारागिरांशी होणाऱ्या ठरावाप्रमाणे आणि लाकडाच्या मऊकठीणपणाप्रमाणे धरावे, असेही भास्कराचार्य सांगतात. ब्रह्मगुप्तांचे जातवार भाजक त्यांनी का सोडले असावेत, हे यावरून समजते. कठीणपणा त्यांनी सूत्रातून काढून सौद्याकडे सोपविला.

जळाऊ लाकूड : जळाऊ लाकडाला भरीव घनफळाचे माप लावणे परवडत नाही. प्रत्येक ढलपीचा घेर कोण घेणार? म्हणून सर्वत्र ढीगच मोजला जाई. लाकडे ठराविक लांबीची तोडावयाची, दोन खुंट पुरून त्यांच्यामध्ये ती आडवी रचावयाची आणि रचाईची लांबी व उंची पाहावयाची, ही पद्धत यूरोपात सार्वत्रिक होती. इंग्लंड व फ्रान्समध्ये ही रचाई दोरीने मापीत. त्या दोरीवरूनच मापाला ‘कॉर्ड’ (फ्रेंच उच्चार ‘कोर्द’) हे नाव पडले.

फ्रान्समध्ये कोर्द हे माप प्रांतागणिक वेगळे होते. चौदाव्या लुईच्या कारकीर्दीत, कोलबेअर मंत्री असताना, ऑगस्ट १६६९ मध्ये पाणी व वने यांविषयी जो सर्वसाधारण हुकूम निघाला त्याने ते एकच ठरविण्याचा यत्न केला. रचाई ८ फुट लांब व ४ फुट उंच आणि प्रत्येक लाकूड साडेतीन फुट लांब असावे, असे त्यात म्हटले होते. फ्रेंच राजफुट ३२·४८ सेंमी. चा असल्याने या ११२ घ. फुटांचे मेट्रिक मान सु. ३·८४ घ. मी. भरते. हुकूम निघाला तरी जुन्या कोर्दी नाहीशा झाल्या नाहीत. ४ फुटी लाकडांची १२८ घ. फुटांची मोठी कोर्दही चालूच होती.

पॅरिस शहराचे सरपण सोळाव्या शतकाच्या मध्यापासून मुख्यतः मॉर्व्हान या डोंगराळ भागातून येऊ लागले. ओढ्यांना कृत्रिम पूर आणून सुटी लाकडे त्यांत सोडीत. ती योन नदीवर, विशेषतः क्लामसी या गावाच्या आसपास अडवून त्यांचे तराफे बांधीत व सेन नदीने ते पॅरिसला नेत. अनेक व्यापाऱ्यांची लाकडे एकाच प्रवाहात मिसळलेली असत. यासाठी प्रत्येक लाकडाच्या टोकावर हातोड्याने मालकाची खूण ठोकलेली असे आणि क्लामसीला ती पाहून वाटणी होई. या लाकडांची ठरीव लांबी १·१४ मी. होती. ती साडेतीन राजफुटांएवढीच आहे. मेट्रिक पद्धती आल्यावरही रानातील लाकूडतोड्यांनी ती बदलली नाही. पॅरिसच्या घाटावर लाकूड उतरल्यावर ते ‘मांब्र्यूर’ नावाच्या लाकडी चौकटीत रचून मोजीत. ही चौकट अर्ध्या कोर्दीची, म्हणजे ५६ घ. फुटांची (सु. १·९२ घ. मी.) असून या मापाला ‘व्ह्वा’ (एक खेप) म्हणत.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने मेट्रिक मापे ठरविताना सरपणासाठी ‘स्टेअर’ हे एक खास एकक निर्माण करण्यात आले. नाव घन या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतले असून त्याचे मूल्य १ घ. मी. होते. लीटर, ग्रॅम व मीटर यांच्या पंक्तीस जळाऊ लाकडाच्या मापाला स्थान मिळावे, यावरून त्या काळच्या नागरी जीवनात सरपणाचे महत्त्व काय होते, हे दिसून येते. भाकरीखालोखाल पॅरिसमधील असंतोषाला कारण होणारी वस्तू तीच होती. जुनी व्ह्वा दोन स्टेअरच्या अगदी जवळ असल्याने दोन स्टेअरचे माप व्यवहारात सहज रुळले. इमारती लाकडासाठी ‘सोलीव्ह’ हे ३ घ. फुटांचे (सु. ०·१०३ घ. मी.) जुने माप होते. त्याची जागा डेसिस्टेअरने म्हणजे स्टेअरच्या दशांशाने घेतली. मेट्रिक मापांची सक्ती मात्र १ जानेवारी १८४० पासूनच अंमलात आली.

स्टेअरच्या व्याख्येत एक उणीव पहिल्यापासून होती. रचलेला १ घ. मी. म्हणजे १ स्टेअर, हे समीकरण लाकडे १ मी. लांबीची असतील तरच जुळते. तीच लाकडे निम्मी करून पुन्हा रचली, तर ती अधिक दाट बसतात आणि ढीग ०·८ घ. मी. चा होतो. तीन तुकडे केल्यास तो ०·७ घ. मी. पर्यंत उतरतो. लाकूड तेवढेच राहते, पोकळी मात्र घटते. घरगुती शेगड्यांसाठी ३३ सेंमी. चे तुकडे विकण्याची प्रथा वाढल्यावर एक स्टेअरचे पैसे देऊन अंगणात पाऊण घ. मी. हूनही लहान ढीग पाहणाऱ्या गिऱ्हाइकास आपण फसलो असे वाटे. प्रत्यक्षात तो फसलेला नसे. याउलट तीन तुकडे केलेल्या लाकडाचा १ घ. मी. ढीग एक स्टेअर म्हणून विकणारा व्यापारी जवळजवळ दीडपट माल देऊन स्वतः बुडत असे. अशा एककाला प्रमाणित मापांत स्थान राहणे कठीणच होते. १९७७ च्या अखेरीस स्टेअर फ्रान्सच्या वैध एककांतून वगळण्यात आले. फ्रेंच खेड्यांतील बोलण्यातून मात्र ते गेलेले नाही.

जर्मन भाषिक प्रदेशांत ‘क्लाफ्टर’ हे माप होते. पसरलेल्या दोन हातांमधील अंतर, म्हणजे मराठीतील वाव, हा त्याचा मूळ अर्थ. रचाई एक वाव रुंद व एक वाव उंच असे. लाकडाची लांबी मात्र प्रदेशानुसार बदले. प्रशियाचा क्लाफ्टर ६ × ६ × ३ फुट म्हणजे १०८ घ. फुटांचा (सु. ३·३४ घ. मी.) होता. रशियातील घन साझेन याहून पुष्कळ मोठे, ७ फुटांच्या घनाएवढे म्हणजे ३४३ घ. फुटांचे (सु. ९·७ घ. मी.) होते, दीर्घ हिवाळ्याच्या देशाला ते साजेसेच म्हणावे लागेल.

जर्मन साम्राज्यात १८७२ पासून मेट्रिक मापे लागू झाली. तेथील वनशास्त्रज्ञांनी फ्रान्समधील संदिग्धता टाळण्यासाठी भरीव लाकडाच्या घ. मी. ला ‘फेस्टमीटर’ व रचलेल्या लाकडाच्या घ. मी. ला ‘राउममीटर’ अशी दोन वेगळी नावे दिली. सरासरीने एक राउममीटर म्हणजे ०·७ फेस्टमीटर असे धरतात. सरळ, जाड व गोल लाकडात हे प्रमाण वाढते. वाकड्या, बारीक फांद्यांत ते बरेच खाली येते. शेगडीच्या मापाचे तुकडे न रचता नुसते ओतून विकण्याची पद्धत आल्यावर त्यासाठी तिसरे नाव घडविण्यात आले. एकाच एककाला तीन नावे ही कोणास शास्त्रीय काटेकोरपणाची अतिशयोक्ती वाटेल, परंतु तंट्यांचे मूळ तिने बव्हंशी नाहीसे केले.

इंग्लंडात कॉर्डबरोबरच नगांची व जुड्यांची पद्धत होती. लंडनला येणाऱ्या सरपणाच्या लाकडांची लांबी व घेर आणि काटक्यांच्या मोळीचा वेढा सोळाव्या शतकात आठवा हेन्री, सहावा एडवर्ड व एलिझाबेथ यांच्या कारकीर्दींत केलेल्या कायद्यांनी ठरवून दिला होता. लाकूड कोणत्या प्रतीचे आहे हे कळण्यासाठी त्यावर खाचा पाडीत. दगडी कोळसा सार्वत्रिक झाल्यावर हे कायदे निरुपयोगी झाले.

कॉर्डचे माप इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर अमेरिकेत गेले आणि तेथे आजही ते कायदेशीर आहे. अमेरिकन कॉर्ड ४ फुट रुंद, ४ फुट उंच व ८ फुट लांब, म्हणजे १२८ घ. फुटांची (सु. ३·६२ घ. मी.) असते, तिचा आठवा हिस्सा म्हणजे ‘कॉर्ड-फुट’. तीत भरीव लाकूड साधारणपणे ७० ते ९० घ. फुट असते. लाकडे एकमेकांना समांतर व नीट बसवून रचलेली असावीत, अशी अट कायद्यात घातलेली असते. आडवीतिडवी रचाई करून ढीग फुगविण्याची युक्ती जुनीच आहे. ४ फुट उंच व ८ फुट लांब, परंतु लाकडांची लांबी केवळ १६ इंच, अशा दर्शनी रचाईसही विक्रेते ‘कॉर्ड’ हे नाव जोडीत; ती खऱ्या कॉर्डच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच भरते. त्यामुळे अनेक राज्यांनी सरपणाच्या विक्रीत कॉर्ड व तिचे अपूर्णांक यांखेरीज ढीग, गाडी, दर्शनी कॉर्ड इ. नावांना बंदी केली आहे.

इमारती लाकूड : गोल ओंडक्याचे घनफळ काढण्यास मध्यावरील छेदाचे क्षेत्रफळ व लांबी यांचा गुणाकार पुरेसा असतो. तथापि झाडाचा व्यास बाहेरून मोजता येत नाही. दोरीने घेर मात्र सहज घेता येतो. घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करावा व लांबीने गुणावे, ही रीत इंग्लंडातील लाकूडव्यापारात पूर्वीपासून होती. एडवर्ड हॉपस यांनी १७३६ मध्ये या रीतीने तयार केलेली कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या की, या मापाला ‘हॉपस फुट’ हेच नाव पडले.

समजा, ओंडक्याचा मध्यावरील घेर ४ फुट व लांबी २० फुट आहे. घेराचा चतुर्थांश १ फुट, त्याचा वर्ग १, म्हणून ओंडका २० हॉपस फुटांचा. वर्तुळाच्या खऱ्या सूत्राने मात्र त्याचे घनफळ सु. २५·४६ घ. फुट येते. म्हणजे या रीतीने खऱ्या घनफळाच्या ७८·५ टक्के एवढेच हिशोबात धरले जाते; दर पाच भागांतील एकाहून थोडा अधिक भाग मापातून गळतो. यास अज्ञान म्हणता येणार नाही. ओंडका चौरस करताना चार बाजूंच्या साली व फाकळ्या वाया जातात, त्यांचे पैसे घेणाऱ्याने देऊ नयेत, असे या रीतीचे समर्थन करण्यात येई. चार्ल्स हटन या गणितज्ञांनी १७७० च्या आपल्या मापनविषयक ग्रंथात याला पर्याय सुचविला. घेराच्या पाचव्या भागाचा वर्ग करून त्याला लांबीच्या दुपटीने गुणावे. या सूत्राची चूक जेमतेम अर्धा टक्का आहे आणि ते वापरण्यासही तितकेच सोपे आहे. व्यापाराने ते स्वीकारले नाही. दर जुन्या मापाला बांधलेले होते, आणि माप बदलले की प्रत्येक करारातील दर नव्याने ठरवावा लागला असता.

लाकडाच्या ओझ्याचे ‘लोड’ हे इंग्रजी माप गोल लाकडास ४० व तासलेल्या लाकडास ५० घ. फुट असे दुहेरी होते. वरवर विसंगत वाटणाऱ्या या आकड्यांचा मेळ चौथाई घेराच्या रीतीने बसतो. त्या रीतीचे ४० फुट म्हणजे प्रत्यक्ष सु. ५१ घ. फुट, म्हणून गाडीवर वा गलबतात दोन्ही लोड जवळजवळ सारखेच भरत.

कापलेल्या लाकडासाठी बाल्टिक बंदरांतून ‘स्टँडर्ड’ हे नगांवर आधारलेले माप निघाले. उत्तर यूरोपात शेकडा १२० चा धरण्याची जुनी रीत होती. १२ फुट लांब, ११ इंच रुंद व दीड इंच जाड अशा १२० फळ्या म्हणजे सेंट पीटर्झबर्ग स्टँडर्ड. त्याचे घनफळ १६५ घ. फुट (सु. ४·६७ घ. मी.) भरते. नॉर्वेतील क्रिस्तियानिया (आताचे ऑस्लो) येथील स्टँडर्ड लहान फळ्यांचा असल्याने १०३ घ. फुटांहून किंचित अधिक होता. १९१४ मध्ये शहराचे नाव पेट्रोग्राड झाल्यावर मापही पेट्रोग्राड स्टँडर्ड म्हणून ओळखले जाऊ लागले. शहराचे नाव पुढे १९२४ मध्ये व पुन्हा १९९१ मध्ये बदलले. लाकूडव्यापाऱ्यांनी मात्र आपला पेट्रोग्राड सोडला नाही.

अमेरिकेत १ फुट लांब, १ फुट रुंद व १ इंच जाड असा ‘बोर्ड फुट’ रूढ झाला. ओंडक्यातून किती बोर्ड फुट निघतील याचा अंदाज करणारे अनेक नियम तेथे झाले. त्यांपैकी १८२५ च्या सुमारास पुढे आलेला डॉइल नियम सर्वांत प्रसिद्ध व सर्वांत वादग्रस्त होय. इंचांतील व्यासातून ४ वजा करावे, उरलेल्या संख्येचा वर्ग करून फुटांतील लांबीने गुणावे व १६ ने भागावे. २४ इंच व्यासाच्या १६ फुटी ओंडक्यास हा नियम ४०० बोर्ड फुट देतो. त्याचे भरीव घनफळ सु. ६०३ बोर्ड फुट आहे. ८ इंची ओंडक्याचे घनफळ सु. ६७ बोर्ड फुट असता नियम त्यास केवळ १६ देतो. ४ इंची ओंडक्याचे उत्तर शून्य येते. मोठी झाडे मुबलक होती तोवर हे खपून गेले. पण जंगले तुटून दुसऱ्या वाढीची बारीक झाडे विक्रीस येऊ लागली, तेव्हा नुकसान सरळ लहान रानमालकाच्या माथी आले. जेथे हा नियम रूढ होता, तेथे ओंडके घेणाऱ्या गिरण्यांना तो सोडण्याची घाई नव्हती, हे सांगावयास नकोच.

ब्रह्मदेशातील साग : भारतीय उपखंडात हॉपस फुटाचा सर्वांत मोठा उपयोग ब्रह्मदेशातील सागाच्या व्यापारात झाला. तेथील ‘टन’ वजनाचा नसून ५० हॉपस फुटांचा (सु. १·८ घ. मी.) असतो. उभ्या सागाच्या बुंध्याभोवती खोल वलय काढून तो सु. तीन वर्षे वाळू देत. ओला साग पाण्यावर नीट तरंगत नाही. नंतर तो तोडून हत्तींकरवी नाल्यात ओढीत व पुराबरोबर नदीत सोडीत.

डीट्रिख ब्रँडिस यांची १८५६ मध्ये पेगूच्या जंगलांवर नेमणूक झाली, तेव्हा झाडांची मोजदाद घेराच्या वर्गांनी करण्याची पद्धत त्यांनी घालून दिली. ६ फुट वा अधिक घेराचा साग पहिल्या वर्गातला. पावसात कागद टिकेना म्हणून हत्तीवर बसून जाताना ते हातात बांबूच्या काड्या धरीत आणि साग दिसताच त्याच्या वर्गाच्या काडीवर चाकूने खाच पाडीत. या खाचांच्या गणतीवरूनच दरसाल किती झाडे तोडावयाची, हे ठरविले गेले. भारतातील शास्त्रीय वनव्यवस्थेचा हा प्रारंभ मानला जातो.

ओंडक्यांच्या गणतीवरून एक राज्यही गेले. मुंबईत १८६३ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे उत्तर ब्रह्मदेशातील सागाच्या जंगलांचे मक्ते होते. कंपनीने बाहेर नेलेल्या ओंडक्यांपेक्षा फार कमी ओंडक्यांचे शुल्क भरले, असा निर्णय मंडालेच्या दरबाराने १८८५ मध्ये देऊन तिला सु. २३ लाख रुपयांचा दंड केला. कंपनीने तो अमान्य केला. लॉर्ड डफरिन यांच्या सरकारने निर्वाणीचा खलिता पाठवून नोव्हेंबरमध्ये युद्ध पुकारले व १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश खालसा झाल्याचे जाहीर केले. फ्रेंचांचा वाढता शिरकाव हे युद्धाचे खोल कारण असले, तरी निमित्त ओंडक्यांच्या हिशोबाचेच होते. पदच्युत राजा थिबा यास रत्नागिरीस ठेवण्यात आले. तेथे त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा आजही आहे. थिबा तेथेच १९१६ मध्ये मरण पावला. ज्या बंदराच्या शहरातील कंपनीमुळे त्याचे सिंहासन गेले, त्याच इलाख्यात त्याचे उर्वरित आयुष्य संपले.

महाराष्ट्रातील मापे : महाराष्ट्रात जळाऊ लाकूड पूर्वापार ओझ्यानेच मोजले जाई. डोईवरची मोळी, कावड व बैलगाडी ही त्याची नैसर्गिक मापे होत. मोळी ही वाहणाऱ्या माणसाच्या, बहुधा बाईच्या, ताकदीएवढी असते. तिला ठराविक मान नाही. तरी ब्रिटिश अमदानीत राखीव वनांतून सरपण आणण्याचे परवाने याच मापांनी देण्यात येत आणि ‘डोईओझे’ व ‘गाडी’ यांचे दर वनखात्याच्या तक्त्यांत असत. आदिवासींना व गावकऱ्यांना वनखात्याचा जो जाच वाटे, त्याचे रोजचे स्वरूप या ओझ्याच्या तपासणीचे होते. १९३० च्या जंगल सत्याग्रहात पुसद येथे १० जुलै रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव वनातील गवत कापून कायदा मोडला, तर २५ सप्टेंबर रोजी रायगड जिल्ह्यातील चिरनेर येथे सत्याग्रहींवर गोळीबार झाला. विदर्भातील आगारांत रचलेल्या सरपणाच्या ढिगास ‘बीट’ हे नाव आहे.

शहरांतील वखारींत सरपण मणाने विकले जाई. मण हे माप स्वतःच ठिकठिकाणी वेगळे होते. मुंबईचा मण २८ पौंडांचा (सु. १२·७ किग्रॅ.), तर बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक (सु. ३७·३ किग्रॅ.) होता. कोकण किनाऱ्यावर इमारती लाकडाच्या व्यवहारात ‘खंडी’चाही उल्लेख येतो. मुंबईची वजनी खंडी २० मणांची म्हणजे ५६० पौंडांची असल्याने चार खंडी म्हणजे बरोबर एक इंग्रजी टन होई. वजनाच्या पद्धतीत रचाईची लबाडी चालत नाही. तिच्यात दुसरीच चालते. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनापैकी निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. ओला माल घेणारा पाण्याचे पैसे देतो आणि धूर सोसतो. घनफळाच्या मापात हा तोटा नसतो. लाकूड वाळल्यावर त्याचे आकारमान थोडेच घटते. यामुळे जाणते गिऱ्हाईक पावसाळ्यापूर्वीच, उन्हाळ्यात वाळलेले सरपण भरून ठेवी. स्वयंपाकाच्या गॅसमुळे शहरांतील वखारी मागे पडल्या; कित्येक गावी मणाचा हिशोब आता स्मशानातील लाकडापुरताच ऐकू येतो.

इमारती लाकडाच्या बाबतीत सुतार गजाने मोजी. वासे, सोट व बल्ल्या नगावर, तर तुळया व फळ्या घ. फुटावर विकल्या जात. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर १९६२ पर्यंत टप्प्याटप्प्याने मेट्रिक पद्धती लागू झाली आणि वनखात्याच्या लिलावांत घ. मी. आला (१ घ. मी. = ३५·३१५ घ. फुट). बाजारात मात्र सागाचा भाव घनफुटानेच सांगितला जातो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आगारात गोल ओंडक्याची नोंद करताना चौथाई घेराचे सूत्र कायम राहिले. १२० सेंमी. घेराच्या ५ मी. लांब ओंडक्याचे घनफळ त्या सूत्राने ०·४५ घ. मी. लिहिले जाते, प्रत्यक्षात ते सु. ०·५७ घ. मी. असते. [→ लाकूड, वजने व मापे].